दुकान चालते, दुकानदार चालत नाही

उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला 'तालीम' म्हटले की पाटी, तख्ती आणि उस्तादांचा आवाज आठवतो. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागातल्या मराठी माणसाला तोच शब्द ऐकला की तांबडी माती आणि लंगोट कसून उभी असलेली पोरे आठवतात. शब्द एकच, अरबीतून आलेला. उर्दूत तो शिक्षणासाठी राहिला, मराठीत व्यायामाच्या जागेसाठी रूढ झाला. 'वस्ताद' हा शब्दही 'उस्ताद'चाच. कसरत, जोर, खुराक, पैलवान, मैदान हे सारे शब्द अरबी-फारसीतून आले आणि आज खेड्यातला कुठलाही माणूस ते आपले म्हणून वापरतो.

शब्दांची ही गोष्ट व्यापाराच्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. कारण असे की ज्या समाजाच्या भाषेतून व्यायामाचे एवढे शब्द गावोगाव गेले, त्या समाजातला व्यापारी आज सकाळी शटर उघडल्यापासून रात्री हिशेब मिळेपर्यंत गल्ल्यावर बसून असतो. दुकान चालते, दुकानदार चालत नाही. आणि त्याचा फटका शेवटी धंद्यालाच बसतो.

आपल्या बहुतेक दुकानांचा आणि कारखान्यांचा कारभार एका माणसावर असतो. माल कोणाकडून किती मुदतीने उचलायचा, उधारी कोणाला द्यायची, कोणाची बाकी किती, हे वहीत कमी आणि त्याच्या डोक्यात जास्त असते. तो माणूस दोन महिने अंथरुणाला खिळला की उधारी बुडते, ठोक व्यापारी माल रोखतो, कॉलेजात शिकणारा मुलगा शिक्षण सोडून गल्ल्यावर येतो. पाय कापावा लागला, अर्धांगवायू झाला, तर दुकान विकून दवाखान्याचे बिल भरायची वेळ येते. मालाचा विमा आपण उतरवतो, गाडीचा उतरवतो. ज्याच्या शरीरावर सगळा धंदा उभा आहे, त्या शरीराची मात्र कोणी नोंद ठेवत नाही.

यावर उपाय सगळ्यांना माहीत आहे. डॉक्टर सांगतात, 'चाला.' दुकानदार म्हणतो, 'उद्यापासून.' तो उद्या येत नाही, आणि दोष माणसाच्या आळसाला दिला जातो. या लेखाचे म्हणणे थोडे वेगळे आहे. नियमित व्यायाम व्हायचा तर जागा, वेळ, सोबत आणि विचारणारा कोणीतरी लागतो. या गोष्टी एकट्याने जमवणे कठीण आणि मोहल्ल्याने किंवा बाजारपेठेने मिळून जमवणे सोपे. आपल्या भागात ही व्यवस्था पूर्वी होती.

तालीम कशी चालत होती

जुन्या तालमीचा हिशेब व्यापाऱ्याच्या नजरेने पाहावा. जागा पेठेतलीच, घरापासून पाच मिनिटांवर. फी नाममात्र किंवा नाहीच. मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मिसळावे लागे. ते पेठेतल्या दुकानदारांकडून येई. वेळ ठरलेली, पहाटे आणि संध्याकाळी. सोबत गल्लीतल्याच पोरांची. आणि सर्वांवर वस्ताद. एखादा पोरगा दोन दिवस दिसला नाही की वस्ताद त्याच्या बापाला बाजारात गाठून विचारी, 'पोरगं कुठं आहे?' हा प्रश्नच निम्मे काम करत असे.

उरूस-जत्रेच्या कुस्त्यांना पैसाही बाजारातूनच उभा राहत असे. लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर, मोठ्यांच्या इनामावर. जिंकलेल्या पैलवानाच्या डोक्याला बांधायचा फेटा कापड दुकानातून जाई. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. तिकडे जाण्यासाठी त्यांच्याकडे पैसे नव्हते. गावागावांतून वर्गणी झाली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदक एका माणसाने आणले, पण त्याच्या पाठीशी सगळा मुलूख उभा होता.

वाळवा आणि शिराळ्याचा हा पट्टा तर पैलवानांचाच. १९६० चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे. १९६४ चे हिंदकेसरी मारुती माने आपल्याच जिल्ह्यातल्या कवठेपिरानचे. मुस्लिम घरांतही ही परंपरा खोल होती. सोलापूरजवळच्या बोरामणी गावचे इस्माईल शेख १९८० साली, अप्पालाल शेख १९९२ साली आणि मुन्नालाल शेख २००२ साली महाराष्ट्र केसरी झाले. तिघे सख्खे भाऊ. एका घरात तीन गदा येतात त्या घराच्या हिंमतीने, हे खरे. पण आजूबाजूला माती, वस्ताद आणि शाबासकी देणारे गाव नसते तर ती हिंमत शेतातच राहिली असती.

आता बऱ्याच पेठांत तालमीची इमारत आहे, माती नाही. कुठे अभ्यासिका झाली, कुठे मंडळाचे सामान ठेवले जाते. पैसेवाल्याचा मुलगा जिममध्ये जातो. बाकीची पोरे मोबाईल घेऊन कट्ट्यावर बसतात. आणि चाळिशी ओलांडलेल्या माणसासाठी तर काहीच उरलेले नाही.

धंद्यातून चाल निघून गेली

आपल्या बापजाद्यांना वेगळ्या व्यायामाची गरज पडत नव्हती, कारण धंद्यातच चाल होती. पिंजारी खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव गाद्या भरत फिरे. मणेर बांगड्या घेऊन दारोदार जाई. बागवान डोक्यावर पाटी घेऊन गल्ल्या पालथ्या घाली. शिकलगार पायाने चाक फिरवून कात्री-विळ्यांना धार लावी. अत्तार, तांबोळी आठवडे बाजार करीत. कापडवाला सायकलला गाठोडी बांधून पेठ, कासेगाव, नेर्ले, बोरगाव, ताकारी, वाळवा करून रात्री इस्लामपुरात परते. (२०२५ साली राज्य सरकारने या शहराचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय घेतला, जुन्या सवयीने येथे पूर्वीचेच नाव वापरले आहे.)

आज इचलकरंजीचा आणि सुरतेचा माल फोनवर ठरतो आणि टेंपोने दारात उतरतो. शिंप्याच्या मशीनला मोटर बसली, पायडल थांबले. भरणा करायला बँकेपर्यंत चालत जावे लागे, तेही क्यूआर कोडने संपले. घरापासून दुकान अर्धा किलोमीटर, पण तेवढ्यासाठी मोटारसायकल. हे सगळे धंद्याच्या फायद्याचेच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र श्रम कमी झाले तरी नाश्त्याची भजी, दुपारची बिर्याणी आणि दिवसभरातला गोड चहा जिथल्या तिथे राहिला. आवक तेवढीच आणि खर्च निम्म्यावर आला की वहीत शिल्लक वाढते. शरीरात ती शिल्लक पोटावर दिसते आणि रक्तात साखर होऊन फिरते.

लंडनच्या बसमधला हिशेब

बसून राहण्याचा धोका पहिल्यांदा नीट मोजला गेला तो दवाखान्यात नव्हे, बसमध्ये. लंडनच्या दुमजली बसवर ड्रायव्हर दिवसभर बसलेला असे आणि कंडक्टर तिकिटे फाडत जिने चढउतार करी. दोघेही एकाच खात्याचे नोकर, साधारण एकाच थरातले. डॉ. जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोघांच्या हृदयविकाराची तुलना केली आणि १९५३ साली ती प्रसिद्ध केली. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी निघाला आणि ज्यांना झाला त्यांना तो उशिरा आणि सौम्य स्वरूपात झाला. पुढे पोस्ट खात्यात पाहिले, तर पत्रे वाटत फिरणारा पोस्टमन टेबलावरच्या कारकुनापेक्षा सुरक्षित निघाला. आपल्या भाषेत सांगायचे तर गल्ल्यावरचा मालक हा ड्रायव्हर आणि तागे काढून दाखवणारा नोकर हा कंडक्टर.

आपल्या देशाची आजची स्थिती काय? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, म्हणजे प्रौढांपैकी ११.४ टक्के. उच्च रक्तदाब ३५.५ टक्क्यांना. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०२४ साली दिलेल्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये जगातले ३१ टक्के प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. भारतात हे प्रमाण निम्म्याच्या आसपास, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये बरेच जास्त: पुरुष ४२ टक्के, स्त्रिया ५७ टक्के.

पुरेशी हालचाल म्हणजे किती? संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालण्यासारखा व्यायाम करावा, ३०० मिनिटांपर्यंत केला तर अधिक चांगले. त्याशिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना जोर लावणारे काम असावे. आपल्या जोर-बैठका त्यात बसतात. मुलांना रोज साठ मिनिटे. पूर्वी असे सांगत की सलग दहा मिनिटे चालले तरच मोजायचे. ती अट २०२० मध्ये काढली गेली. पाच मिनिटांचे चालणेही जमेस धरले जाते. दुकानदाराच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे.

आठवड्याची मिनिटे १०,०८०. त्यातली १५० म्हणजे दीड टक्का. मालावर अडीच टक्क्याने जकातीचा हिशेब करणाऱ्या व्यापाऱ्याला दीड टक्का किती लहान असतो हे सांगायला नको. जकात ती जकात, तिची तुलना कशाशी नाही. हा फक्त हिशेबाचा दाखला.

आणि फायदा किती? चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांना साधारण तीन वर्षे पाहण्यात आले. ज्यांनी खाण्यात बदल केला आणि नियमित हालचाल ठेवली, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा २८.५ टक्क्यांनी कमी निघाले. हा निष्कर्ष २००६ सालचा, आपल्याच देशातल्या माणसांवरचा आहे.

चेन्नईच्या वसाहतीने बाग बांधली

आता मुख्य मुद्दा. ज्ञान असूनही माणूस चालत का नाही? याचे उत्तर चेन्नईच्याच एका वसाहतीने दिले आहे.

डॉ. व्ही. मोहन यांच्या मधुमेह संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात चेन्नईच्या दोन वस्त्यांची आरोग्य पाहणी केली. त्यांपैकी एक मध्यमवर्गीयांची एशियाड कॉलनी. तिथे मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार बरेच आढळले. डॉक्टरांनी रहिवाशांना हे आकडे समोर ठेवून समजावले आणि व्यायामाचे महत्त्व सांगितले. इथपर्यंत सगळीकडे होते तसेच झाले. पुढे मात्र रहिवाशांनी विचार केला की चालायचे तर चालायचे कुठे? त्यांनी आपसांत पैसे गोळा केले आणि वसाहतीतच एक बाग तयार केली, चालण्याच्या वाटेसह. काही वर्षांनी पुन्हा पाहणी झाली. आठवड्यातून तीनपेक्षा जास्त वेळा व्यायाम करणारे पूर्वी १४.२ टक्के होते, ते ५८.७ टक्के झाले. हा अहवाल २००६ साली प्रसिद्ध झाला.

माणसे तीच होती, त्यांची कामे तीच होती. समजावणाऱ्या डॉक्टरांबरोबर घराजवळ जागा मिळाली आणि शेजारी चालताना दिसू लागला. शेजारी चालतो आहे हे पाहून दुसरा निघतो, आणि तिसऱ्याला घरात बसायला संकोच वाटतो. बाजारात एका दुकानाने काचेचे शोकेस लावले की वर्षभरात सगळी ओळ लावते, तसेच हे आहे.

आपल्या शेजारीही असे घडलेले आहे. साताऱ्यात २०१२ पासून दरवर्षी हिल मॅरेथॉन होते. यवतेश्वरच्या घाटाने कासच्या रस्त्यावर एकवीस किलोमीटर. स्पर्धा वर्षातून एक दिवसाची, पण तिच्या तयारीसाठी माणसे वर्षभर पहाटे रस्त्यावर दिसतात. सांगलीची आमराई, कऱ्हाडचा प्रीतिसंगम या जागी सकाळी गेले तर कळते की जागा चांगली असली की माणसांना बोलवावे लागत नाही.

इस्लामपूरच्या बाजारात काय करता येईल

इस्लामपुरात पहाटे चालायला निघालेला माणूस सहसा पेठ–सांगली रस्त्याकडे वळतो. गळीत हंगामात त्याच रस्त्यावर उसाने भरलेले ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या. अंधार, धुके आणि ट्रॉलीला मागे दिवा नाही. चार दिवस जाऊन माणूस घरी बसतो आणि लोक म्हणतात, याला चिकाटी नाही. चिकाटी असूनही जीव धोक्यात घालून कोणी चालणार नाही. तेव्हा सुरक्षित जागेचा प्रश्न आधी सोडवला पाहिजे. त्यासाठी पुढील गोष्टी बाजारपेठ आणि मोहल्ला मिळून करू शकतात, आणि त्यातल्या बहुतेक फुकट होतात.

पहिली गोष्ट फजरच्या जमातीची. शहरातली इतर माणसे 'सकाळी एकत्र कसे यावे' यासाठी गट तयार करतात. आपल्याकडे तो गट रोज पहाटे मशिदीत आधीच जमलेला असतो. नमाज ही इबादत आहे, तिला कसरत म्हणणे योग्य नाही. परंतु नमाज संपल्यावर मोटारसायकलला किक मारण्याऐवजी आठ-दहा जणांनी मिळून अर्धा तास ठरलेल्या रस्त्याने चालावे, यात अडचण कोणती? मशिदीपर्यंत पायीच यावे-जावे, हा तर जुना रिवाज. शहरात जमातीबरोबर चालणाऱ्यांचे असे चार-पाच गट झाले, तर वस्तादाची उणीवही भरून निघते. जो दोन दिवस दिसणार नाही त्याला दुकानावर जाऊन विचारायचे, 'भाई, तब्येत बरी आहे ना?'

दुसरी गोष्ट शाळेच्या मैदानाची. शाळांची मैदाने पहाटे आणि सुट्टीच्या दिवशी कुलूपबंद असतात. कारण विचारले तर शाळा म्हणते, नासधूस झाली तर जबाबदार कोण? प्रश्न रास्त आहे. व्यापारी संघटनेने किंवा मोहल्ल्याच्या जमातीने लेखी जबाबदारी घ्यावी, रखवालदाराच्या पगारातला वाटा उचलावा, एक दिवा लावून द्यावा, आणि सकाळी दीड तास मैदान उघडून घ्यावे. गणेशोत्सव, उरूस, इफ्तार यांसाठी जी दुकाने वर्गणी देतात, त्यांना हा खर्च जड नाही. मैदान सर्व समाजांसाठी खुले असावे. तालमीत जात-धर्म विचारला जात नसे. आपल्या गावातला शंभूआप्पा-बुवाफन यांचा उरूसही हिंदू आणि मुसलमान मिळूनच करत आले आहेत.

तिसरी गोष्ट दुकानाच्या आतली. मालकाने पाणी स्वतः उठून घ्यावे. फोन आला की उभे राहून किंवा दुकानासमोर फेऱ्या मारत बोलावे. गिऱ्हाईक नसेल तेव्हा तासातून एकदा उठून मांडणी पाहावी, वरच्या मजल्यावरचा साठा स्वतः मोजावा. वसुलीला बाजारात जायचे तर पायी जावे. पायी गेलेल्या माणसाला बाजारभावही जास्त कळतो. कारागिरांचा प्रश्न थोडा वेगळा. शिंपी, भरतकाम करणारे, बेकरीवाले, गॅरेजवाले दिवसभर राबतात, पण एकाच ठेवणीत. त्यांनी दर तासाला दोन मिनिटे पाठ, मान, खांदे मोकळे करावेत आणि संध्याकाळी चालावे. हात थकले म्हणजे हृदयाचा व्यायाम झाला, असे होत नाही. कारखानदाराने एवढी दोन मिनिटे कारागिराला द्यावीत. पाठ मोडलेल्या कारागिराच्या जागी हातात कसब असलेला दुसरा मिळायला महिने जातात.

महिलांसाठी वेळ आणि जागा

वर दिलेला ५७ टक्क्यांचा आकडा पुन्हा वाचावा. आपल्या घरांतल्या कित्येक स्त्रिया घरीच बसून फॉल-पिको, शिलाई, भरतकाम करतात. त्या दिवसभर कष्ट करतात, पण बसून. पुरुष निदान बाजारात तरी येतो. तिला चालायला जागा नाही, वेळ नाही, आणि बाहेर पडली तर चार डोळे रोखलेले. मग सांधे धरतात, वजन वाढते, साखर वाढते, आणि औषधाचा खर्च त्याच दुकानाच्या गल्ल्यातून जातो.

दीनचा आधार घेऊन तिला घरी बसवणाऱ्यांनी हदीस नीट पाहावी. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रुकाना नावाच्या नामांकित पैलवानाशी कुस्ती केल्याचा उल्लेख जसा येतो, तसाच त्यांनी हजरत आयेशा (र.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावल्याचाही येतो. पर्दा सांभाळून व्यायाम होऊ शकतो. त्यासाठी व्यवस्था करावी लागते. मुलींच्या शाळेचे आवार दुपारी नमाजच्या वेळा सोडून तासभर फक्त स्त्रियांसाठी उघडे ठेवणे, नगरपालिकेच्या बागेत स्त्रियांची वेळ राखून ठेवण्याची लेखी मागणी करणे, वाटेवर दिवे लावून घेणे, ही कामे पुरुषांनी करायची आहेत. पुढचे त्या स्वतः करतील.

मुंब्र्यात 'परचम' या संस्थेने मुस्लिम मुलींचा फुटबॉल सुरू केला, तेव्हा हिजाब घातलेल्या मुलीही मैदानात उतरल्या. इकडे सांगलीत मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि ती गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली. आपल्या मुलींनी पैलवानच व्हावे असे नाही. पण शाळेतल्या मुलीला रोज तासभर पळता-खेळता यावे, इतकी सोय करणे बापाच्या आणि मोहल्ल्याच्या हातात आहे.

फुटपाथ कोणाचा?

आता थोडे कडू बोलायचे. हे बोलणे बाहेरच्याचे नाही, बाजारातल्याच माणसाचे आहे. गांधी चौकापासून कुठल्याही बाजूला निघा. फुटपाथ असेल तिथे पुतळे, कपड्यांचे स्टँड, पाट्या, पायऱ्या, आणि त्याच्यापुढे मालकाची मोटारसायकल. चालणारा माणूस रस्त्यावर, वाहनांच्या मध्ये. म्हातारा माणूस, लेकराला घेतलेली बाई मग बाजारात यायचे टाळते. जे गिऱ्हाईक चालत येऊ शकत नाही, ते घरी बसून मोबाईलवर कापड मागवते. म्हणजे चालण्याची वाट अडवून आपण आपलेच गिऱ्हाईक तोडतो.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले की अडथळा नसलेला फुटपाथ मिळणे हा पादचाऱ्याचा हक्क आहे आणि तो घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात येतो. उद्या कारवाई होईल तेव्हा दंड भरण्यापेक्षा आज दुकानदारांनी मिळून रेषा आखून घेणे शहाणपणाचे आहे. मात्र हातगाडीवाल्याला यात भरडू नये. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्याला नोंदणीचे आणि ठरलेल्या जागेचे संरक्षण दिले आहे. त्याची जागा नगर विक्रेता समितीकडून निश्चित करून घ्यावी. त्याचा हातगाडा हेच त्याचे दुकान आहे. ज्याला पक्के दुकान आहे त्याच्या पुतळ्याला मात्र फुटपाथवर कायद्याचे संरक्षण नाही. बाजारातून सुखाने चालता आले की प्रत्येक गिऱ्हाईकाचा आणि दुकानदाराचा रोजचा व्यायाम वेगळा वेळ न काढता होतो. व्यायामशाळा बांधण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

थोडी सावधगिरी

चाळिशी ओलांडलेल्यांनी सुरुवात करण्यापूर्वी रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. चालताना छातीत दाब वाटला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, दम नेहमीपेक्षा जास्त लागला, तर थांबावे आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. 'गॅस असेल' म्हणून घरी बसू नये. साखरेची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब चालू नये आणि खिशात खडीसाखर ठेवावी. मधुमेह असणाऱ्यांनी चपलेऐवजी नीट बसणारा बूट वापरावा आणि रोज रात्री तळपाय पाहावेत. लहानशी जखम त्यांना कळत नाही. रमजानमध्ये चालण्याची वेळ इफ्तारनंतर ठेवावी, औषधाच्या वेळा डॉक्टरांना विचारून बदलाव्यात. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे पुरे. तालमीतही वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी शंभर जोर मारायला लावत नसे.

व्यापारी बांधवांनो, भांडवल संपले तर उसने मिळते, पत गेली तर मेहनतीने परत येते. शरीर ही अल्लाहची अमानत आहे, आणि अमानतीचा हिशेब द्यावा लागतो, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे. हा हिशेब एकट्याने सांभाळणे अवघड वाटत असेल तर मिळून सांभाळावा. येत्या जुम्याला नमाजनंतर दहा दुकानदारांनी दहा मिनिटे थांबावे आणि एवढेच ठरवावे: फजरनंतर कुठल्या रस्त्याने चालायचे, शाळेच्या मैदानासाठी कोणी अर्ज करायचा, दुकानासमोरचा पुतळा कोण पहिला आत घेणार. अल्लाह आपल्या सर्वांना सेहत देवो आणि ठरवल्याप्रमाणे अमल करण्याची तौफीक देवो. आमीन.